मारकुट्या नवऱ्यांची शाळा

मराठी शिकवण्याचे काम वीस वर्षे केले की माणसाला एक खोड जडते. समोरचा काय सांगतो आहे याच्याआधी त्याने वाक्य कसे बांधले आहे, इकडे लक्ष जाते. बायकोला मारणारा नवरा ती हकिकत आपल्या भाषेत कशी सांगतो, हे वाचकांनी कधी कान देऊन ऐकले आहे काय? 'जरा हात उठला.' 'रागाच्या भरात हात सुटला.' 'शब्दाने शब्द वाढला आणि तिला लागले.' आता या तिन्ही वाक्यांत मारणारा शोधा पाहू! उठला तो हात, सुटला तोही हात. वाढला तो शब्द. गृहस्थ स्वतः त्या वेळी कोठे होते, याचा वाक्यात पत्ताच नाही. जणू हात खुंटीला टांगलेला होता आणि वाऱ्याने हलला.

शेजारीपाजारीही या कामी आपली मदत देऊ करतात. 'संसार म्हटला की भांड्याला भांडे लागायचेच.' वाक्य कसे गोड, समजूतदार! दोन भांडी, दोन्ही पितळेची, सारख्याच वजनाची. पण मग पोचा दरवेळी एकाच भांड्याला कसा येतो, हे कोणी विचारीत नाही. आपल्या एका म्हणीने तर याच्याही पुढची मजल गाठली आहे. नवऱ्याने मारले आणि पावसाने झोडपले तर तक्रार कोणाकडे करायची? नवरा थेट निसर्गाच्या खात्यात जमा! मृगाच्या सरीला जाब विचारीत नाहीत, तसा त्यालाही नाही.

हे व्याकरण काही एकट्या मराठीची मिरास नव्हे. इंग्रजी बोलणारे नवरेही असेच बोलतात. आणि त्यांचे हे बोलणे व त्यामागचे वागणे बदलावे म्हणून अमेरिकेत जवळजवळ पन्नास वर्षे शाळा चालल्या आहेत. शाळा हा शब्द मी गमतीने वापरीत नाही. आठवड्यातून एकदा भरणारा वर्ग, मूठभर प्रौढ पुरुष, समोर दोन शिक्षक, हजेरीपट, गृहपाठ. आणि हजेरी चुकली तर प्रकरण पुन्हा कोर्टात.

मी या विषयात शिरलो तो भाषेच्या दाराने. माझी एक जुनी विद्यार्थिनी आज एका समुपदेशन केंद्रात काम करते. या शाळांतून वापरले जाणारे काही तक्ते तिला सोप्या मराठीत करून हवे होते. दोन पानांचे काम म्हणून मी हो म्हटले. मग त्या तक्त्यांमागची पुस्तके आली, पुस्तकांमागून संशोधनाचे अहवाल आले, आणि उन्हाळ्याची सुटी त्यातच संपली.

या प्रकारची पहिली संस्था बॉस्टन शहरात १९७७ साली निघाली. तिचे नाव 'एमर्ज'. मार खाऊन घर सोडलेल्या बायकांसाठी तेव्हा तेथे आश्रयगृहे सुरू झाली होती. ती चालवणाऱ्या बायकांनी आपल्या ओळखीच्या पुरुषांना सांगितले की आम्ही बायकांना सांभाळतो आहोत, या नवऱ्यांशी बोलण्याचे काम तुम्ही पुरुषांनी अंगावर घ्या. त्यातून 'एमर्ज' उभी राहिली. पण जगभर नाव झाले ते डुलुथ या गावाचे. मिनेसोटा राज्यात, सुपीरियर सरोवराच्या पश्चिम टोकाला हे बंदर आहे. लोहखनिज आणि धान्य बोटीत भरायचे, हिवाळ्यात गोठलेले पाणी पाहत बसायचे, असे लाखाच्या आतल्या वस्तीचे कष्टकरी गाव. येथे १९८० साली घरातील मारहाणीविरुद्ध एक उपक्रम सुरू झाला. त्यातील दोन नावे लक्षात ठेवण्यासारखी आहेत : एलेन पेन्स ही कार्यकर्ती आणि तिचा सहकारी मायकेल पेमार, जो पुढे मिनेसोटाच्या विधिमंडळात निवडून गेला.

या मंडळींचे चातुर्य असे की त्यांनी शाळेआधी शाळेभोवतीचे कुंपण बांधले. पूर्वी तेथेही पोलीस येत, नवऱ्याला 'जरा बाहेर एक फेरी मारून ये, डोके थंड कर' असे सांगत आणि निघून जात. आपल्याकडच्या चौकीवरच्या 'घरचे भांडण घरात मिटवा' याचाच हा धाकटा भाऊ. डुलुथमध्ये १९८१ च्या सुमारास पोलीस, सरकारी वकील, न्यायाधीश, सुटलेल्या आरोपींवर देखरेख करणारे अधिकारी आणि बायकांचे आश्रयगृह अशी सारी कार्यालये एका धोरणाखाली आणली गेली. मारहाणीचे सबळ कारण दिसले तर पोलिसाने समजूत घालत बसायचे नाही, अटक करायची. न्यायाधीशाने शिक्षा सांगायची, पण ती राखून ठेवून नवऱ्याला शाळेत धाडायचे. तो आला नाही, किंवा त्याने पुन्हा हात उचलला, तर शाळेने ते वर कळवायचे आणि राखून ठेवलेली शिक्षा समोर यायची. आपली म्हण विचारते की तक्रार कोणाकडे करायची. डुलुथने या प्रश्नाला गावातल्या कार्यालयांचे पत्तेच उत्तर म्हणून दिले. या एकजुटीबद्दल २०१४ साली त्या पद्धतीला आंतरराष्ट्रीय 'फ्यूचर पॉलिसी' पुरस्काराचे सुवर्णपदक मिळाले.

आता वर्गात जाऊ या. अभ्यासक्रम सुमारे अर्ध्या वर्षाचा, सव्वीस-सत्तावीस आठवड्यांचा. शिक्षक दोन, बहुधा एक बाई आणि एक पुरुष. हे मुद्दाम असते. बाईचे बोलणे मध्येच तोडले जाते की नाही, पुरुष सहकारी तिच्याशी कसा वागतो, हाही एक धडाच. वर्गात एक छोटा प्रसंग चित्रफितीवर दाखवतात. नवरा-बायको, स्वयंपाकघर, उशीर, संशय, आवाज चढतो. मग फळ्यावर तक्ता काढतात. हाच तो तक्ता, जो मला मराठीत करायचा होता. त्यातले रकाने असे : त्या माणसाने नेमके काय केले? ते करून त्याला काय साधायचे होते? तसे करण्याचा आपल्याला हक्क आहे, असे त्याला कोणत्या समजुतीमुळे वाटले? मनात काय भावना होती? घडलेली गोष्ट त्याने लहान कशी केली, नाकारली कशी, दोष कोणावर ढकलला? बायकोवर, मुलांवर, त्याच्यावर परिणाम काय झाला? त्याने पूर्वी केलेल्या मारहाणीची सावली या प्रसंगावर कशी पडली? आणि शेवटी, याहून वेगळे त्याला काय करता आले असते? आधी चित्रफितीतल्या माणसाचा तक्ता भरायचा, आणि मग गृहपाठ म्हणून स्वतःचा.

पहिल्याच रकान्यात सगळी लढाई आहे. 'काय झाले?' असा प्रश्न नाही. 'तुम्ही काय केले?' असा आहे. 'आमची बाचाबाची झाली' हे उत्तर चालत नाही. 'ती मध्ये आली आणि धक्का लागला' हेही नाही. 'मी तिच्या दंडाला धरले, तिला भिंतीवर ढकलले आणि दार अडवून उभा राहिलो.' एवढे वाक्य सलग, प्रथमपुरुषी, कर्त्यासह उच्चारायला काही पुरुषांना कित्येक आठवडे लागतात म्हणे. भाषा शिकवणाऱ्याला यात नवल वाटू नये. आपल्याकडे दहावीचा मुलगाही 'मी काच फोडली' असे न म्हणता 'काच फुटली' म्हणतो, आणि आपण त्याला कर्मणी प्रयोग शिकवून पुढच्या वर्गात ढकलतो. येथे त्या एका प्रयोगावर कोणाचा तरी जीव अवलंबून असतो.

दुसरा रकाना याहून अवघड : काय साधायचे होते? 'साधायचे काय, राग आला!' असे उत्तर ठरलेले. आता राग ही गोष्ट मी कमी लेखीत नाही. मलाही येतो, आणि अंतर्गत परीक्षेच्या उत्तरपत्रिका पाहताना तर फारच येतो. पण या शाळांतून विचारतात तो प्रश्न सरळ आहे. कचेरीत साहेबाने चारचौघांत पाणउतारा केला त्या दिवशी हात का सुटला नाही? लोकलच्या दारात कोणी पाय तुडवला, तेथे का सुटला नाही? ज्याचा राग खरोखर आवरत नाही त्याची नोकरी महिनाभरसुद्धा टिकायची नाही. आमच्या या गृहस्थाचा राग मात्र दिवसभर पोलादी तिजोरीत सुरक्षित असतो आणि घराचे दार आतून लागले की उघडतो. 'एमर्ज'मध्ये काम केलेल्या लंडी बॅनक्रॉफ्ट या समुपदेशकाने २००२ साली लिहिलेल्या पुस्तकात आणखी एक मार्मिक मुद्दा आणला आहे. रागाच्या झटक्यात घरातल्या वस्तू फोडणाऱ्याबद्दल तो विचारतो, की फुटल्या त्या वस्तू कोणाच्या होत्या? उत्तर बहुधा येते : बायकोच्या. आंधळ्या रागाला इतके स्पष्ट दिसते तर!

म्हणूनच डुलुथची मंडळी राग आवरण्याचे धडे, दीर्घ श्वास, शंभर आकडे मोजणे वगैरे उपायांवर फारशी विसंबत नाहीत. त्यांच्या मते मारणे हे साधन आहे. तिने गप्प व्हावे, माहेरी फोन करू नये, पगार हातात द्यावा, 'नाही' म्हणू नये, यासाठी वापरलेले. दारूचेही तसेच. दारूने मार अधिक जीवघेणा होतो यात शंका नाही आणि तिच्यावर वेगळे उपचार करावेच लागतात. पण पिऊन आलेला माणूसही वॉचमनला सलाम करून जिना चढतो.

डुलुथचे सर्वांत गाजलेले चित्र म्हणजे एक चाक. ते १९८४ साली तयार झाले, आणि ते कोणा प्राध्यापकाच्या डोक्यातून निघालेले नाही. मार सोसलेल्या दोनशेहून अधिक बायका गटागटांनी बसल्या आणि घरात आपल्यावर नेमके काय केले जाते ते त्यांनी सांगितले. त्यातून ते काढले. चाकाची बाहेरची धाव म्हणजे मारहाण आणि शरीरसंबंधातली जबरदस्ती. पण चाक धावेवर फिरले तरी आत आरे असतात. ते आठ आहेत : धाकदपटशा, भेदरवणे, मानसिक छळ, एकटे पाडणे, घडलेले नाकारून तिच्यावरच ढकलणे, मुलांना हत्यार म्हणून वापरणे, पुरुषपणाचा हक्क गाजवणे, आणि पैशांची कोंडी. मारणे वर्षातून एकदाच घडत असेल. आरे रोज फिरतात. एकदा बसलेली थप्पड पुढे वर्षभर नुसत्या डोळे वटारण्यालाही धार देते.

हे आठ आरे मराठीत लिहिताना मला मुळीच अडखळावे लागले नाही, हे सांगताना संकोच वाटतो. पैशांची कोंडी म्हणजे काय, हे सांगायला मिनेसोटाला कशाला जायला हवे? नोकरी करणाऱ्या बायकोचे एटीएम कार्ड नवऱ्याच्या पाकिटात असते आणि भाजीच्या पैशांचा हिशेब ती रात्री देते, अशी सुशिक्षित घरे आपल्याच इमारतीत आहेत. एकटे पाडणे म्हणजे 'तुझ्या त्या मैत्रिणी मला पसंत नाहीत' इथून सुरू होऊन मोबाइलच्या परवलीच्या शब्दापर्यंत येते. मुलांना हत्यार करणे म्हणजे 'जा, पण मुले येथेच राहतील.' आपला मध्यमवर्ग या विषयाला गुत्ता आणि झोपडी यांचा विषय समजत आला. खरी गोष्ट एवढीच की चाळीत आवाज ऐकू जातो आणि फ्लॅटच्या भिंती जाड असतात.

बरे, या शाळेतून नवरे सुधारतात काय? वाचकांना खरा रस यातच असणार, आणि मलाही होता. उत्तर साधे नाही.

फ्लॉरिडातील ब्रॉवर्ड परगण्यात संशोधकांनी शिक्षा झालेल्या ४०४ पुरुषांची चिठ्ठ्या टाकाव्या तशी दोन भागांत विभागणी केली. दोन्ही भागांवर सरकारी देखरेख होती. एका भागाला त्याखेरीज सव्वीस आठवड्यांची शाळा होती. वर्षभराने पाहिले तर दोन्ही भागांत फरक म्हणण्याजोगा नव्हता. ज्याला नोकरी, संसार, गावातली पत असे काही गमावण्यासारखे होते तो सुधारलेला दिसला; ज्याला नव्हते तो नाही. २००४ साली बॅबकॉक आणि सहकाऱ्यांनी अशा २२ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला. शाळेचा परिणाम आहे, पण अगदी थोडा, असे त्यांना आढळले. अटक आणि शिक्षा यांनी जे साधते त्यात शाळेने फार थोडी भर पडते.

दुसऱ्या बाजूला एडवर्ड गॉन्डॉल्फ या संशोधकाने पिट्सबर्ग, डेन्व्हर, ह्यूस्टन आणि डॅलस या चार शहरांतील ८४० पुरुषांचा चार वर्षे पाठपुरावा केला, आणि मुख्य म्हणजे त्यांच्या बायकांना विचारले. चौथ्या वर्षाअखेर, आधीच्या बारा महिन्यांत मारहाण न केलेले पुरुष दहात नऊ निघाले. हे ऐकून हुरूप येतो. पण त्याच अभ्यासात पाचातला एक जण असा निघाला की तो पुन्हा पुन्हा मारीतच राहिला. आणि ज्यांनी पुन्हा हात उचलला त्यांतील बहुतेकांनी तो पहिल्या सहा महिन्यांतच उचलला. म्हणजे शाळेत नाव असताना! पिट्सबर्गमधली आणखी एक गोष्ट त्याने नोंदवली आहे. न्यायाधीशाने 'एक महिन्याने येथे येऊन हजेरी दाखव' असा नियम केल्यावर शाळेकडे न फिरकणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ३६ वरून ६ वर आले. शिक्षक तेच, पुस्तक तेच. फक्त दारात कोण उभे आहे, एवढा बदल.

मला स्वतःला सर्वांत भावली ती खुद्द एलेन पेन्सची एक कबुली. १९९९ साली छापलेल्या एका लेखात तिने आपल्याच पद्धतीची चिरफाड केली. वर्गातले पुरुष सत्तेची हाव बोलून दाखवीत नव्हते, तरी आम्हाला ती जागोजाग दिसत होती, कारण ती दिसणार हे आम्ही आधीच ठरवून बसलो होतो, अशा अर्थाचे तिने लिहिले. स्वतः काढलेले चित्र जगभर भिंतीवर लागले असताना असे लिहायला धैर्य लागते. पेन्स २०१२ साली वारली. डुलुथवर टीका करणारे पुढे बरेच निघाले. काही जण म्हणतात की हा उपदेश झाला, उपचार नव्हे. या पुरुषांपैकी पुष्कळांनी लहानपणी स्वतः मार खाल्लेला असतो, त्याचे काय? नॉर्वेत ऑस्लो येथे १९८७ पासून मानसशास्त्रज्ञांनी चालवलेली एक संस्था याच दिशेने काम करते आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यानेही डुलुथची वाट सोडून मनोविकासाच्या अंगाने जाणारा नवा अभ्यासक्रम घेतला. हा वाद विद्वानांचा आहे आणि तो चालू राहील.

या सर्व वाचनात माझी झोप उडवली ती मात्र एका निराळ्याच निष्कर्षाने. याच गॉन्डॉल्फने १९८८ साली आश्रयगृहांतील बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. मार खाऊन बाहेर पडलेली बाई पुन्हा त्या घरी परतेल की नाही, हे कशावरून ओळखावे? पैसा, मुले, जखमा, किती वर्षांचा संसार, सारे तपासल्यावर सर्वांत ठळक खूण निघाली ती ही : नवरा समुपदेशनाला जाऊ लागला आहे की नाही. तो जाऊ लागला की बायको परत जाते.

वाचकांनी हे मागच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहावे. शाळेत नाव घातले की ती परतते. आणि पहिले सहा महिने, शाळा चालू असतानाच, सर्वांत वाईट. 'आता तो वर्गाला जातो, आता बदलेल' ही आशा तिला दारापर्यंत आणून सोडते. शाळा वाईट असेल तर तिच्यासाठी ती शाळा नसण्यापेक्षाही घातक ठरू शकते.

म्हणून चांगल्या शाळेची परीक्षा वर्गात होत नाही, बाहेर होते. ब्रिटनमध्ये लिझ केली आणि निकोल वेस्टमार्लंड यांनी २०१५ साली 'मिराबल' या नावाचा अहवाल पूर्ण केला. तेथील मान्यताप्राप्त कार्यक्रमांना दोन्ही बाजू असतात. पुरुषाचा वर्ग एकीकडे आणि त्याच वेळी त्याच्या बायकोला, किंवा सोडून गेलेल्या बायकोला, स्वतंत्रपणे फोन करणारी एक कार्यकर्ती दुसरीकडे. तो काय सांगतो आहे ते तिच्याशी ताडून पाहिले जाते. तिने सांगितलेले मात्र त्याच्या कानावर जात नाही. या अभ्यासातील बायकांपैकी शेकडा ६१ जणींनी सुरुवातीला सांगितले की त्याच्या हातून आम्हाला इजा झाली आहे. बारा महिन्यांनी तसे सांगणाऱ्या शेकडा २ उरल्या. हत्यार वापरल्याचे सांगणाऱ्या २९ वरून शून्यावर आल्या. एका भागाला शाळा आणि दुसऱ्याला नाही, अशी विभागणी या अभ्यासात नव्हती, त्यामुळे सारे श्रेय शाळेचे असे म्हणता येत नाही. शिवाय मार थांबला तितका जाच थांबला नाही. पैशांवर, येण्याजाण्यावर पहारा ठेवण्याची सवय हळूहळू सुटते. तरी एखाद्या घरात रात्री भीतीशिवाय झोप लागू लागली, तर ती लहान गोष्ट नव्हे.

आणि दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवणे ही गोष्ट, निदान सुरुवातीला, या शाळा कटाक्षाने टाळतात. त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसून तिने खरे काय सांगावे? बैठक संपल्यावर एकाच वाहनातून त्याच घरी जायचे असते.

आपल्याकडे याबाबत कायदा काय म्हणतो ते पाहिले तर आश्चर्य वाटते, कारण कागदावर आपण फारसे मागे नाही. १९८३ साली भारतीय दंडविधानात ४९८-अ हे कलम आले. जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या ८५ आणि ८६ या कलमांनी घेतली आहे. त्याखेरीज कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आहे. त्याच्या १४ व्या कलमान्वये दंडाधिकारी कोणाही एकाला किंवा दोघांना समुपदेशनाचा आदेश देऊ शकतात, आणि पुढची तारीख दोन महिन्यांच्या आत लावावी लागते. नियमांत तर एक फार चांगली गोष्ट लिहून ठेवली आहे. मारहाणीचे कोणतेही समर्थन समुपदेशनात ऐकून घेतले जाणार नाही, ही जाणीव नवऱ्याला करून द्यायची आहे. डुलुथच्या पहिल्या रकान्याचाच हा भारतीय अवतार!

पण प्रत्यक्षात? माझी विद्यार्थिनी सांगते की समुपदेशन हा शब्द उच्चारला की सासर, माहेर, पोलीस आणि कित्येकदा वकीलही एकच अर्थ घेतात : जोडून द्या. तेथे सहा महिन्यांची शाळा. येथे दोन तारखांच्या मधल्या काळात दोन-तीन बैठका, एका कागदावर 'यापुढे असे करणार नाही' अशी सही, आणि चहा. तो नंतर कसा वागतो हे पाहायला कोणी फोन करीत नाही. सरसकट सगळीकडे असेच आहे असे मात्र नव्हे. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली पोलिसांच्या जोडीने सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष आहे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००१ साली 'दिलासा' हे केंद्र सुरू झाले. जखमेवर टाके घालून घ्यायला आलेल्या बाईला तेथे 'जिन्यावरून पडले' या उत्तरापुढचा प्रश्न विचारणारे माणूस भेटते. पण ही केंद्रे बाईसाठी आहेत, आणि तशीच असायला हवीत. नवऱ्याला सहा महिने बसवून तक्ता भरायला लावणारी, कोर्टाशी बांधलेली, सातत्याने चालणारी व्यवस्था आपल्याकडे रुजलेली नाही.

पुरुषांनीच पुढाकार घेतल्याचे एक उदाहरण मात्र आपले स्वतःचे आहे. १९९१ साली सी. वाय. गोपीनाथ या पत्रकाराने मुंबईत इंग्रजी वर्तमानपत्रात एक लहानशी जाहिरात दिली. बायको ही मारण्यासाठी नसते असे मानणारे पुरुष हवे आहेत, असा तिचा आशय. २०५ पुरुषांनी उत्तर पाठवले. त्यातून १९९३ साली हरीश सदानी आणि इतरांनी 'मावा' या नावाने ओळखली जाणारी पुरुषांची संस्था उभी केली. स्त्रियांवरच्या अत्याचाराविरुद्ध पुरुषांनीच काम करायचे, असा तिचा बाणा. गंमत म्हणजे या संस्थेने दिवाळी अंकच काढायला घेतला, 'पुरुषस्पंदन' नावाचा. मराठी माणसाला काही पटवायचे तर ते फराळाबरोबर वाढावे, हे त्यांनी नेमके ओळखले! पुढे संस्थेचा भर कॉलेजातल्या मुलांवर आला. चाळिशीतल्या नवऱ्याचे वाक्य बदलण्यापेक्षा विशीतल्या मुलाचे बदलणे सोपे, हा हिशेब मला तरी पटतो. माझ्या वर्गातली मुले पाहतो तेव्हा अधिकच.

कारण वाक्य अजून घट्ट आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी शेकडा २९ जणींनी नवऱ्याकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. त्याच पाहणीत सात कारणे वाचून दाखवली होती : सासूसासऱ्यांचा मान न राखणे, न विचारता बाहेर जाणे, स्वयंपाक नीट न करणे वगैरे. यांपैकी एका तरी कारणासाठी बायकोला मारणे योग्य, असे शेकडा ४४ पुरुषांना वाटले. आणि शेकडा ४५ स्त्रियांनाही.

घरात लग्न झालेली मुलगी आहे अशा वाचकांसाठी एक व्यवहाराची गोष्ट लिहितो. ती या अहवालांतूनच उचललेली आहे. 'जावईबापू आता समुपदेशनाला जातात' असा निरोप आला की पेढे वाटण्याआधी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. वर्ग किती आठवड्यांचा आहे आणि आजवर किती झाले? तो चुकवला तर कोणाला कळते, आणि कळल्यावर काय होते? तेथले कोणी मुलीशी, तो आसपास नसताना, स्वतंत्रपणे बोलते का? तो झालेली गोष्ट सांगतो तेव्हा 'मी' म्हणतो, की अजून हातच उठतो? ही उत्तरे मिळेपर्यंत तिने परतण्याची घाई करू नये, आणि परतलीच तर कागदपत्रे, थोडे पैसे आणि माहेरच्या दाराची किल्ली तिच्याजवळ असू द्यावी. महिलांसाठीचा १८१ आणि तातडीचा ११२ हे दूरध्वनी क्रमांक तिला पाठ असावेत, कारण भांडण पेटले की पहिल्यांदा हिसकावला जातो तो मोबाइलच.

माझ्या विद्यार्थिनीचे तक्ते आता छापून झाले आहेत. पहिल्या रकान्यावर आमचा थोडा वाद झाला. 'तुमच्याकडून काय घडले?' असे लिहिले तर समोरचा माणूस कमी बिथरेल, असे तिच्या वरिष्ठांचे म्हणणे होते. शेवटी 'तुम्ही काय केले?' असेच ठेवले आहे.